ताकदीची गोळी

ओमानमधल्या निझवा शहरातल्या एका औषधाच्या दुकानातल्या बाईंनी मला वाचवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला घोर नको. त्या नागपूरकडच्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ म्हणायच्या. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. माझंही लिहीत नाही, कारण आमच्या गावात अजून दोन-तीन माणसं अशी आहेत ज्यांना ते फार आवडेल.

या गोष्टीतले दुसरे म्हणजे चाचा. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्याच खाडीकाठचे, आमच्या खोलीत वयानं मोठे, आणि स्वयंपाक त्यांच्या हातात असल्यामुळं मानानंही मोठे. त्यांनी मला जीव लावला, आणि त्या जीव लावण्यातच माझा जीव जायची वेळ आली. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

मी शिंपी. सातवीत शाळा सोडली आणि मामाच्या दुकानात काजं करायला बसलो. नव्वदनंतर ओमानला आलो. पहिली तीन वर्षं खाबुऱ्याला काढली, मग निझव्याला. काम एकच, दिशदाशा शिवायची. म्हणजे इथले पुरुष घालतात तो पायघोळ अंगरखा. शिवण सरळसोट असते, त्यात मोठी करामत नाही. करामत गळ्याशी असते. तिथं सुताचा एक बारका गोंडा लोंबतो. गिऱ्हाईक त्या गोंड्याला अत्तर लावतं आणि आरशात बघताना पहिल्यांदा तोच बघतं. गोंडा वाकडा पडला तर बाकीचं सगळं शिवणकाम वाया. दुकानात गोंडे लावायचं काम माझ्याकडं होतं. हात स्थिर, असं माझं नाव होतं. अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, मोठ्या घरचं गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं बोट करायचा.

हात स्थिर असला तरी मन कधीच नव्हतं. मी मुळात घोर लावून घेणारा माणूस. कुलूप तीनदा ओढून बघतो. पत्र पेटीत टाकल्यावर पत्ता बरोबर लिहिला होता का, म्हणून आठवडाभर विचार करतो. वडील गेले तेव्हा मी इथं होतो. तिकीट काढून घरी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. कबरीवरची माती वाळली होती. त्यानंतर माझं काहीतरी बिघडलं. अन्न उतरेना, सकाळी उठवेना, कुणी साधं "कसा हायस?" विचारलं तरी डोळे भरून यायचे. पोट बिघडलंय असं घरी सांगून मी चिपळूणला डॉक्टरकडं गेलो. ते भले होते. पोट तपासलं आणि म्हणाले, "पोट चांगलं आहे तुमचं. दुखणं मनाचं आहे. त्यालाही औषध असतं, आणि ते नेमानं घ्यायचं असतं."

ती गोळी मला लागू पडली. याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. महिनाभरानं मी जेवायला लागलो. दीड महिन्यानं मशीनवर बसून शीळ घातली, तेव्हा आई दारात येऊन बघून गेली. डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या गोळ्या आणि एक पत्र दिलं आणि मी परत निझव्याला आलो.

चूक इथून सुरू होते. सहा माणसांच्या खोलीत औषधाचं पाकीट लपत नाही. पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, "ही कसली रे?" तोंडात आलं ते बोललो, "ताकदीची."

आमच्याकडं ताकदीची गोळी हा मानाचा शब्द आहे. बाळंतिणीला देतात, परीक्षेच्या पोराला देतात, म्हाताऱ्याला देतात. ती घेतली म्हणून कुणी कुणाला नावं ठेवत नाही. शब्द खपला, म्हणून मी तो पक्का केला. एकाची व्हिटॅमिनची रिकामी बाटली मागून घेतली, सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून तिच्यात भरल्या आणि बाटली उशाशी उघड्यावर ठेवली. फक्त पाकिटाचा नाव छापलेला तुकडा कात्रीनं कापून पैशाच्या पाकिटात ठेवला. कापड संपलं तरी नमुन्याचा तुकडा जपायचा ही शिंप्याची सवय. ती सवय पुढं माझ्या कामी आली.

खोलीतले चिडवायचे. "एवढी ताकद खातोस, जाते कुठं?"

"सुईत जाते."

चाचा म्हणायचे, "मना पण एक दे. गुडघं गेलं माझं."

"डॉक्टरनं मोजून दिल्यात, चाचा."

"बघा. लई चिक्कट हाय पोरगा, गोळी सुटत नाय हातातनं."

लपवायचं कारण साधं होतं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. भाऊ डोक्याच्या गोळ्या खातो, हे कुणाच्या पत्रातून गावात पोचलं असतं तर बोलणी तिथंच मोडली असती. आणि अर्बाबला कळलं तर तो मला घरी धाडेल, अशी माझी खात्री होती. कुणी तसं म्हणालं नव्हतं. माझ्या खात्रीला कुणाच्या म्हणण्याची गरज लागत नाही.

मग ती ईद आली. ईदच्या आधी दिशदाशांचा ढीग असतो, प्रत्येकाला नवी पाहिजे. चार-पाच दिवस उरले असताना वरच्या फळीवरचा कापडाचा तागा ओढायला गेलो आणि कमरेत काहीतरी सटकलं. कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. तिथंच खाली बसलो. अर्बाबनं स्वतःच्या गाडीतून एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय वर करून बघितला, इंजेक्शन दिलं, दुखण्याची जोरदार गोळी लिहिली, दिवसातून तीनदा. आणि हिंदीत नीट विचारलं, "कोई और दवाई चालू है?"

अर्बाब दारात उभा होता.

"नहीं साब. बस ताकद की गोली."

"विटामिन? ठीक है, वो लेते रहो."

डॉक्टरांची यात काडीची चूक नाही. त्यांनी विचारलं, मी खोटं सांगितलं, आणि माझ्या खोट्याला त्यांनी बरोबर उत्तर दिलं.

पहिल्या दिवशी कंबर हलकी झाली. मी बसून अकरा गोंडे लावले. दुसऱ्या दिवशी एसीखाली घाम फुटायला लागला. बसवेना, उभं राहवेना, जुलाब लागले. दुपारी सुई दोऱ्यात जाईना. म्हणजे दोरा सुईत जाईना. बघा, आजही ते आठवलं की शब्द उलटे होतात. हात थरथरत होते. मी काय समजलो असेन? मला वाटलं, मनाचं जुनं दुखणं परत आलं. ईदचं काम, कंबर, बहिणीचं लग्न, सगळा घोर एकदम अंगावर आला असणार.

चाचांनी संध्याकाळी खजूर आणि दूध पुढं ठेवलं. "अशक्तपणा आलाय तुला. रंग बघ कसा उतरलाय." आणि माझ्या उशाशी असलेल्या बाटलीतून एक गोळी काढून तळहातावर ठेवली. "सकाळी एक घेतोस ना? आता सांजची पण एक घे. ताकद भरून येल."

मी नको म्हणू शकत होतो. पण मग अशक्त माणूस ताकदीची गोळी का नको म्हणतो, ते चाचांनी विचारलं असतं. शिवाय मनात आलं, दुखणं वाढलंय तर गोळीही वाढू दे. गिळली. दुसऱ्या संध्याकाळी आणखी एक गिळली. सकाळची होतीच. दुखण्याची तीनदा चालूच होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या शुभ्र दिशदाशेच्या गळ्यावर माझ्या बोटाचं रक्त सांडलं. सुई आरपार गेली होती आणि मला कळलंही नव्हतं. पाय मशीनखाली आपोआप उडत होता. जबडा आवळला होता, अंग तापलं होतं. अर्बाबनं डाग बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि दिशदाशा माझ्या हातातून काढून घेतली. ते मला घरी परतायचं तिकीट हातात दिल्यासारखं वाटलं.

चाचा मला धरून बाजाराच्या तोंडावरच्या औषधाच्या दुकानात घेऊन गेले. एक वाजायला आला होता, दुकानं चारपर्यंत बंद व्हायची वेळ. आत बाई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. पांढरा कोट, खिसा उसवलेला, त्याला सेफ्टीपिन. गल्ल्याशेजारी बुद्धाची एवढीशी मूर्ती. मला तेव्हाही शिंप्याच्या डोळ्यांना आधी पिन दिसली.

"लूज मोशन की दवा दो मॅडम," चाचा म्हणाले. "और बुखार की."

"किसको हुआ?"

मी स्टुलावर बसलो होतो आणि माझा गुडघा त्यांच्या काउंटरच्या फळीवर ठकठक आपटत होता. मी चाचांना म्हणालो, "चाचा, पाय थांबत नाय."

बाईंनी कुलूप खाली ठेवलं. "अगं बाई, मराठी आहात होय तुम्ही. भाऊ, माझ्याकडं बघा. नाही, सरळ बघा." माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं, मनगट धरलं, उडणारा पाय बघितला. "काय काय घेता?"

मी दवाखान्याचं पाकीट पुढं केलं. त्यांनी वाचलं. "आणि?"

"आणखी काय नाय," चाचांनीच उत्तर दिलं, तेही ऐटीत. "ताकदीची गोळी घेतो. सकाळी एक. दोन दिस झालं, सांजची मी चालू केलीय."

बाई चाचांकडं बघेनात. माझ्याकडं बघून त्यांनी हळू विचारलं, "कोणती ताकद, भाऊ? हाताची, पायाची, की डोक्याची?"

आपल्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला पळवाट नसते. हिंदीत मी सुटलो असतो. बहीण डोळ्यांपुढं आली, गाव आलं, अर्बाब आला. शेजारी चाचा उभे, आणि चाचांची चिठ्ठी दर पंधरा दिवसांनी गावी जायची. मी म्हणालो, "ताकदीचीच."

त्या रागावल्या नाहीत. चाचांना म्हणाल्या, "चाचा, पलीकडच्या किराणा दुकानातून पाण्याची बाटली आणता का? गार नको, साधी बघा." चाचा बाहेर पडल्यावर माझ्याजवळ येऊन बोलल्या, "मी नागपूरची, तुम्ही कोकणातले. तुमच्या गावात मी कुणाला ओळखत नाही. गोष्ट माझ्याकडून जाणार कुठं? पण ती मला आत्ता कळली पाहिजे. दुपारनंतर नाही, आत्ता."

"मनाची," मी म्हणालो. एवढा एकच शब्द. पैशाच्या पाकिटातून तो कापलेला तुकडा काढून त्यांच्या हातात ठेवला. नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं, सर्ट्रालिन. मग दवाखान्याच्या पाकिटावरचं वाचलं, ट्रामाडॉल. आणि डोळे मिटून घेतले, काहीतरी जुळलं म्हणजे माणूस मिटतो तसे.

"असं काहून लपवता हो? ऐका. ही गोळी वाईट नाही, आणि तीही वाईट नाही. पण दोघी अंगात एकच रसायन वाढवतात. सेरोटोनिन म्हणतात त्याला. एकटी होती तोवर ठीक. वरून दुसरी आली, आणि चाचांनी पहिली दुप्पट केली. तुमचा हात थरथरतोय तो घोरानं नाही. औषधानं थरथरतोय."

खरं सांगू? एवढ्या भीतीतही मला बरं वाटलं. हात माझ्या मनानं थरथरत नव्हता. मी परत बिघडलो नव्हतो.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही थांबवा, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्या. बाईंनी औषधाच्या कागदी पिशवीवर इंग्रजीत दोन्ही नावं लिहिली, कोणती किती वाजता घेतली ते मला विचारून लिहिलं, आणि शटर ओढलं. त्यांची दुपारची तीन तासांची सुटी होती, घरी पोरीला जेवू घालायचं होतं. त्या टॅक्सीत पुढं बसल्या. मागं मी आणि चाचा, चाचांच्या मांडीवर पाण्याची बाटली.

"साधी मिळाली नाय, गारच हाय," चाचा म्हणाले. मग काय झालंय ते कळत नसल्यानं ती बाटली दोन्ही तळहातांत धरून ऊन करत बसले.

हॉस्पिटलात त्या कागदी पिशवीनं सगळं सोपं केलं. सलाईन लावलं, आखडलेलं अंग सैल करणारं इंजेक्शन दिलं, कुणीतरी सतत ताप आणि नाडी बघत होतं. दुसऱ्या दिवशी पाय थांबला. तिसऱ्या दिवशी मी नर्सकडून सुई-दोरा मागून घेतला आणि ओवून बघितला. पहिल्या झटक्यात गेला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आणखी दोन-तीन गोळ्या गेल्या असत्या तर काय झालं असतं, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी चाचा डबा घेऊन आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ताईंनी सांगायला लावलं नव्हतं. पण खोलीत तीच बाटली, तीच उशी आणि तेच चाचा असणार होते. ते डब्याचं झाकण हातात धरून ऐकत राहिले.

"म्हंजे मी तुला दिली ती..."

"होय."

"दोन वेळा."

"दोन वेळा."

त्यांनी झाकण बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "बरं झालं, मना दिली नायस ती. गुडघं तर गेलं हायत, डोकं पण गेलं असतं."

"डोकं जायला आधी असावं लागतं, चाचा."

"खा आता. मासा गार होतोय." आणि उठताना, दाराकडं तोंड करून, "चिट्ठीत कंबर लिहितो. कंबर दुखली, एवढंच. इन्शाल्ला तुझ्या बहिणीच्या लग्नात मीच बिर्याणी करीन."

त्यांनी कंबरच लिहिलं. आणि बिर्याणीही केली.

अर्बाब एकदाच आला. खजुराचा डबा ठेवला, काय झालं होतं ते विचारलं नाही. "मशीन तुझ्या जागेवर आहे," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "कोणी बसलं नाही. यल्ला, लवकर ये." मी इतके महिने ज्याची धास्ती घेतली ते एवढंच होतं. खलास.

ताईंनी पुढची गोष्ट शिकवली. पंधरा दिवसांनी दुकानात गेलो तर त्यांनी पुढं कागद-पेन ठेवलं. "लिहा."

"मी?"

"तुमच्या अक्षरात. मी लिहिलेलं तुम्ही हरवाल."

सातवीनंतर मापांच्या आकड्यांखेरीज आणि घरच्या पत्रांखेरीज मी काही लिहिलं नव्हतं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. सकाळी, मनाची गोळी, एक. 'मनाची' हा शब्द लिहिताना हात अडला, पण थरथरला नाही. खाली इंग्रजी नाव त्यांच्याकडून अक्षर-अक्षर उतरवून घेतलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ती गोळी काही दिवसांनी परत चालू केली होती. कमरेला साधी पॅरासिटामॉल, शेक आणि रोजचा व्यायाम दिला होता.

"आता ऐका," ताई म्हणाल्या. "बरं वाटलं म्हणून मनाची गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. सोडायची वेळ आली की डॉक्टर हळूहळू कमी करतील. दुखण्याची कोणतीही नवी गोळी आली की ही चिठ्ठी दाखवायची. साध्या दिसणाऱ्या काही दुखण्याच्या गोळ्यासुद्धा हिच्याबरोबर पोटात रक्त काढू शकतात. खोकल्याचं औषध घेतानाही दाखवायची. बोलायची लाज वाटली तर बोलू नका. नुसती चिठ्ठी पुढं करा."

"आणि बाटली?"

"बाटली फेकून द्या. जिच्यावर जे लिहिलंय तेच तिच्यात ठेवायचं."

मी खोलीवर जाऊन सदऱ्याच्या आतल्या बाजूला चोरखिसा शिवला. बोटभर रुंद, बाहेरून शिवण दिसत नाही असा. चिठ्ठी त्यात. चाचांनी तो बघितला आणि त्यांनाही पाहिजे झाला, त्यांच्या साखरेच्या गोळीसाठी. मग खोलीतल्या बाकीच्यांना, मग शेजारच्या खोलीतल्यांना. कोण काय खातो ते मी विचारून लिहायचो, आणि कुणी "ताकदीची" म्हणाला की हातातलं पेन ठेवून विचारायचो, "कोणती ताकद?" तिघांनी मला एकट्याला बाजूला घेऊन उत्तर दिलं. त्यांना मी ताईंकडं धाडलं. त्यांच्या गोष्टी त्यांच्या चोरखिशात आहेत.

ताई काही वर्षांनी नागपूरला परत गेल्या. शेवटच्या दिवशीही त्यांच्या अंगावर तोच कोट होता, तीच पिन. मी म्हटलं, "द्या, दहा मिनिटांत शिवून आणतो." त्या हसल्या. "राहू द्या भाऊ. ह्या पिनेनंच इतकी वर्षं काढली." मी काही द्यायला गेलो की त्या दर वेळी असंच काहीतरी म्हणायच्या.

ताई, तुमचं माप मी नजरेनं घेऊन ठेवलंय. खांदा साडेचौदा, बाही एकवीस, उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली. हात अजून स्थिर आहे. इथलं काम कायमचं सोडून घरी परतलो की मी नागपूरला येईन आणि तुम्हाला पांढरा कोट शिवून देईन, दुहेरी शिलाईचा, ज्याचा खिसा कधी उसवणार नाही. आत डाव्या बाजूला एक चोरखिसाही असेल. त्यात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा.